गाडी खेचते म्हणून लगेच अलाइनमेंट नको, आधी कारण शोधा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

१ ऑक्टोबरला ताडोबा आणि पेंचचे कोअरचे गेट पावसाळ्यानंतर उघडतात आणि त्याआधीच्या या दिवसांत नागपुरातल्या गॅरेजांसमोर जिप्सी, थार, बोलेरो आणि आता जिमनीसुद्धा लायनीत लागलेल्या असतात. बहुतेकांची तक्रार एकच, भाऊ गाडी डावीकडं खेचून राहिली, अलाइनमेंट करून द्या. मग गाडी मशीनवर चढते, खाली दोन नट ढिले होतात, टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा) थोडा फिरतो, स्क्रीनवर हिरवं दिसतं, पैसे दिले, गाडी गेली, आणि आठ दिवसांनी तीच गाडी तशीच खेचत परत. मालक म्हणतो मशीन खराब, मशीनवाला म्हणतो रस्ते खराब, आणि खरं कारण तिथंच खाली लटकून राहतं, कारण ते कोणी पाह्यलेलंच नसतं. मी कामठी रोडकडं पुढच्या ॲक्सलचं, पाट्यांचं (लीफ स्प्रिंग) आणि स्टेअरिंगचं काम करणारा माणूस आहे, जुन्या महिंद्रा जीपपासून हेच करत आलोय, आणि माझं म्हणणं एवढंच की अलाइनमेंट हे शेवटचं काम आहे, पहिलं नाही. हे गाडीमालकांपर्यंत पोचावं म्हणून तुमच्या पेपरात लिहितोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी मशीनवर काय होतं ते सांगतो कारण गैरसमज तिथंच आहे. अलाइनमेंटमध्ये मुख्य तीन गोष्टी, टो, कॅम्बर आणि कॅस्टर. टो म्हणजे वरून पाह्यलं तर दोन्ही पुढच्या चाकांची तोंडं आत वळलेली आहेत की बाहेर. कॅम्बर म्हणजे समोरून पाह्यलं तर चाक वरून आत झुकलंय की बाहेर. आणि कॅस्टर म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा बाजूनं पाह्यली तर मागं किती कललीय, सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाते ना, तेच. आता महत्त्वाचं, पुढच्या चाकांचा टो चुकला तर गाडी एका बाजूला खेचत नाही. चालताना दोन्ही चाकं चूक आपसात अर्धी-अर्धी वाटून घेतात, गाडी सरळच जाते, फक्त टायर खाते आणि नीट सेट केलं नसेल तर स्टेअरिंग वाकडं दिसतं. खेचायचं काम करतात कॅम्बर आणि कॅस्टर, आणि तेही दोन्ही बाजूंत फरक असला तरच. ज्या बाजूला कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह, म्हणजे चाक वरून जास्त बाहेर, गाडी त्या बाजूला जाते. ज्या बाजूला कॅस्टर कमी, गाडी त्या बाजूला जाते. दोन्ही बाजूंना सारखाच कमी कॅस्टर असेल तर खेचणार नाही, पण भटकेल, म्हणजे सरळ रस्त्यावर सारखं स्टेअरिंग सावरत राहावं लागेल आणि वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येणार नाही.

आणि जिप्सी, जुनी जीप, जिमनी या गाड्यांना पुढं सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड ॲक्सल आहे, तिथं नुसता पाना फिरवून बदलता येतो तो फक्त टो. कॅस्टर बदलायचा तर पाट्याच्या गाडीत पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये पाचरीसारखी शिम टाकावी लागते, कॅम्बर बिघडला असेल तर बहुतेक वेळा ॲक्सल वाकलाय नाहीतर किंग पिनच्या, म्हणजे चाक ज्या पिनांवर वळतं त्यांच्या, बेअरिंग गेल्यात. म्हणजे ज्या कारणानं गाडी खेचते ते मशीनवाल्या पोराच्या हातात नाहीच आणि जे हातात आहे त्यानं खेचणं जात नाही. त्या पोराची यात चूक नाही, त्याला सांगितलं टो सेट कर, तो करतो.

मग कारण शोधायचं कसं. माझ्याकडं गाडी आली की मी जॅक काढायच्या आधी मालकाला नाही, गाडी चालवणाऱ्याला विचारतो, कारण सफारीच्या गाड्यांत मालक आणि ड्रायव्हर वेगळे असतात आणि खरी माहिती ड्रायव्हरच्या हातात असते. नेहमी खेचते की फक्त ब्रेक मारल्यावर, ॲक्सिलरेटर दिल्यावर एकीकडं आणि सोडल्यावर दुसरीकडं जाते का, उजवं वळण घेतल्यावर उजवीकडंच जात राहते आणि डावं घेतल्यावर डावीकडं असं होतं का, एखाद्या खड्ड्यानंतर सुरू झालं का, की टायर बदलल्यावर, की पाटे भरल्यावर. या प्रश्नांच्या उत्तरांतच अर्धं काम होऊन जातं. फक्त ब्रेकवर खेचते तर ब्रेक बघायचे. ॲक्सिलरेटर दिल्यावर एकीकडं आणि सोडल्यावर दुसरीकडं तर मागचा ॲक्सल जागा सोडून हलतोय, यू बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) ढिले किंवा पाट्यांच्या टोकांची रबरी बुशं संपलीत. वळण घेतलं त्याच बाजूला गाडी अडकून राहते तर कुठंतरी काहीतरी जाम आहे, किंग पिन, बॉल जॉइंट किंवा कोणी स्टेअरिंग बॉक्स गरजेपेक्षा जास्त कसलाय. या शेवटच्या तक्रारीवर अलाइनमेंट केलेल्या गाड्या मी पाहतो तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण जाम असलेलं चाक मशीनवर दर वेळी वेगळा आकडा दाखवतं, सकाळी एक, दुपारी दुसरा.

नंतर रस्ता. आपण डावीकडून चालतो आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला मधून कडेला उतार दिलेला असतो, म्हणजे आपल्या बाजूचा उतार डावीकडं. कुठलीही धडधाकट गाडी स्टेअरिंग हलकं धरलं तर हळूहळू डावीकडं सरकणारच, रुंद टायरची तर जास्तच. काही कंपन्या म्हणूनच दोन्ही बाजूंच्या कॅस्टरमध्ये मुद्दाम किंचित फरक ठेवतात. त्यामुळं तपासणी एकाच रस्त्यावर एकाच दिशेनं करू नका. मिहानच्या आतले रुंद रस्ते किंवा आउटर रिंग रोडचा सपाट तुकडा पाहा, गर्दी नसताना जा, येताना-जाताना दोन्ही दिशेनं चालवा आणि जिथं सुरक्षित असेल तिथं उजव्या लेनमध्येही चालवून पाहा. रस्त्याच्या उताराबरोबर खेचण्याची बाजू बदलते तर गाडीचा दोष नाही, घरी जा. कुठूनही कुठंही एकाच बाजूला जाते तर पुढं बघू. आणि एक सांगतो, खेचते का ते बघायला दोन्ही हात सोडून गाडी पळवू नका, बोटं रिमवर हलकी ठेवली तरी कळतं.

त्यानंतर टायर, आणि इथंच निम्म्या गाड्यांचा प्रश्न सुटतो. हवा सकाळी गाडी थंड असताना तपासा. तापमान साडेपाच-सहा अंशांनी वाढलं की हवेचा दाब साधारण १ पीएसआय वाढतो, आपल्याकडं मे महिन्यात पहाटे ३० आणि दुपारी ४५-४६ असतं, म्हणजे नुसत्या ऊन्हानं तीनेक पीएसआयचा फरक, त्यात गाडी चाललेली असेल तर आणखी. एक चाक उन्हात आणि एक सावलीत उभं असताना हवा भरली तर दोन्हीकडं आकडा सारखा आणि हवा वेगळी. जंगलात चिखलात जायला हवा कमी केली आणि परत येताना एका बाजूचीच नीट भरली हेही कायम होतं. कमी हवा असलेल्या बाजूला गाडी ओढते, यात काही गूढ नाही.

आता पावसाळ्याचं खास. आपली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला जाऊन बसते आणि वाळली की दगडासारखी होते. बाहेरून गाडी धुतलेली चकचकीत आणि आतून रिमला एका जागी मातीचा गोळा चिकटलेला, मग ६०-७० च्या स्पीडला स्टेअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात बॅलन्सिंग गेलं, अलाइनमेंट गेलं. चाक काढा, आतून खरवडून धुवा, मग बोला. हेच ब्रेकचंही, ड्रममध्ये बारीक चिखल गेला की एक बाजू आधी धरते.

हवा बरोबर, रिम स्वच्छ, तरी खेचते तर पुढची दोन चाकं आपसात बदला, डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं. खेचण्याची बाजू उलटली किंवा खेचणंच गेलं तर दोष टायरमध्ये आहे. रेडियल टायर बनताना आतले पट्टे किंचित एका बाजूला बसले तर टायर शंकूसारखा गुंडाळायला बघतो, बाहेरून काहीच दिसत नाही, टायर नवा कोरा असतो, आणि मशीनवर सगळं हिरवं येतं. बदलूनही त्याच बाजूला खेचते तर टायर निर्दोष, मग ब्रेक नाहीतर अँगल. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे ते असे सरळ बदलता येत नाहीत, रिमवरून उतरवून उलटे बसवावे लागतात, चाचणीपुरतं मागच्या चाकाशी बदलून पाहता येतं. ही चाचणी फुकटात होते, जॅक आणि पाना गाडीतच असतो, तरी कोणी करत नाही हे मला खरंच समजत नाही. आणि बाबांनो, पुढं एक कंपनीचा आणि एक दुसऱ्या कंपनीचा, एक अर्धा झिजलेला आणि एक नवा असे टायर लावू नका. मागंही नाही, विशेषतः ज्या थारला मागं लॉकिंग डिफरन्शियल आहे तिथं मागच्या दोन टायरांच्या घेरात फरक असेल तर सरळ रस्त्यावरही त्या डिफरन्शियलला सतत काम करावं लागतं.

टायर झिजलाय कसा तेही हातानं पाहा. टायरच्या तोंडावर आडवा हात फिरवला आणि एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट्या दिशेनं धार लागली तर टो. एकच कड गुळगुळीत उडालेली तर बहुतेक कॅम्बर. दोन्ही कडा गेल्या आणि मधे नक्षी शाबूत तर हवा कमी ठेवून चालवलेली गाडी. जागोजागी खळगे पडलेत तर शॉकअप किंवा बेअरिंग बघा.

ब्रेकचं थोडक्यात. दहा-बारा किलोमीटर शक्यतो कमी ब्रेक मारत चालवून या आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, लावू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय तर ते धरून राहतंय. जॅकवर उचलून हातानं फिरवा, जड असेल तर ब्लीडिंग निप्पल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) किंचित ढिला करा, तेल उडालं आणि चाक मोकळं झालं तर प्रेशर मागं अडकतंय, बहुतेक वेळा ब्रेकचा रबरी होज आतून फुगून बंद झालेला असतो, बाहेरून तो अगदी ठीक दिसतो. निप्पल उघडूनही चाक जडच तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना जाम. नंतर ब्लीडिंग नीट करायला विसरू नका, ब्रेकचं काम अर्धवट सोडायचं नसतं. फक्त ब्रेक मारतानाच एकीकडं जाते तर लक्षात ठेवा की दोष नेहमी त्याच बाजूला नसतो, उजवीकडचा ब्रेक लागतच नसेल तर गाडी डावीकडं जाईल आणि लोक डावा ब्रेक खोलून बसतील. पावसात तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे सगळ्यात जास्त सापडतं, आणि सहा पर्यटक, गाइड, ड्रायव्हर असे आठ जण बसलेल्या उघड्या गाडीत ते सगळ्यात जास्त धोक्याचं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते, पुढचा ॲक्सल आणि पाटे.

दोन माणसं लागतात. एकानं गाडीत बसून चाकं जमिनीवर असतानाच स्टेअरिंग थोडं-थोडं डावीकडं-उजवीकडं हलवत राहायचं, पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून, आणि दुसऱ्यानं खाली टॉर्च घेऊन एकेक सांध्यावर बोट ठेवायचं. बोट अर्धं सांध्याच्या या भागावर आणि अर्धं त्या भागावर, खेळ असेल तर डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतो. स्टेअरिंग बॉक्सपासून सुरू करा, बॉक्स चेसिसला धरणारे बोल्ट, पिटमन आर्म (बॉक्सखालचा हलणारा हात), ड्रॅग लिंकची (त्या हातापासून चाकाकडं जाणारा दांडा) दोन्ही टोकं, टाय रॉडचे एंड, जिमनी असेल तर पॅनहार्ड रॉडची (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा चेसिसला जोडलेला दांडा) बुशं. त्यानंतर चाक उचला, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली जायचं नाही. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ लागला तर बेअरिंग, किंग पिन किंवा बॉल जॉइंट, आडवं धरून हलवलं आणि खेळ लागला तर बहुतेक टाय रॉड एंड. बेअरिंग की किंग पिन हे ओळखायला दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा, ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट.

जिप्सीचा नकल, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला चाकासोबत वळणारा भाग, हा बंद गोळ्यासारखा असतो, वर-खाली किंग पिन आणि त्यांच्या बेअरिंग, आणि मागच्या बाजूला सील. ते सील फाटलं की चिखल-पाणी आत, ग्रीसचं तांबडं पाणी होतं, बेअरिंगच्या वाट्यांत खाचा पडतात. मग चाक त्या खाचेत अडकून अडकून वळतं, गाडी मध्ये स्थिर राहत नाही, आणि स्पीडला एखाद्या खड्ड्यावर पूर्ण पुढचा भाग थाडथाड हलायला लागतो की ड्रायव्हर घाबरून जातो. यावर इथं सर्रास काय करतात तर नवा स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचा शॉकअप) लावून देतात. डॅम्पर थरथर दाबतो, कारण काढत नाही, आणि डॅम्पर थकला की तीच थरथर आधीपेक्षा जोरात परत येते. किंग पिनच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, कमी-जास्त करून बेअरिंगचा ताण बसवावा लागतो, टाय रॉड सोडून नकलला स्प्रिंगचा काटा लावून मोजायचं, आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आहे. हातानं अंदाजे बसवणारा माणूस मला भेटतो तेव्हा मी त्याला मोजायलाच सांगतो. तसंच स्टेअरिंगमध्ये खेळ आहे म्हणून बॉक्सवरचा स्क्रू आधी कसू नका. आधी सगळे एंड बघा, मग चाकं अगदी सरळ ठेवून, मॅन्युअलप्रमाणे. बॉक्स मध्यावर सगळ्यात घट्ट असतो, वळलेल्या स्थितीत कसला तर मध्यावर येऊन जाम होणार.

पाट्याच्या गाडीत आणखी एक चोर असतो, सेंटर बोल्ट. पाट्यांची थप्पी एकत्र धरणारा आणि ॲक्सलला त्याच्या जागी बसवणारा हा एवढासा बोल्ट. यू बोल्ट ढिले झाले की सगळा भार याच्यावर, एखाद्या दिवशी तुटतो, आणि ॲक्सल एका बाजूनं मागं किंवा पुढं सरकतो. गाडी तिरकी चालते, स्टेअरिंग वाकडं ठेवून सरळ जावं लागतं, आणि अलाइनमेंटवाला ते स्टेअरिंग सरळ करून देतो, झालं, दोष तसाच, फक्त लपला. हे पकडायला मशीन लागत नाही. टेप घ्या, चाकं सरळ ठेवा, डाव्या बाजूला पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत मोजा, उजव्या बाजूला तसंच मोजा. काही मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खाली जाऊन सेंटर बोल्ट, यू बोल्ट, शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी कडी) आणि बुशं पाहा, एखादा मुख्य पाटा तुटलाय का पाहा. डबक्यातून सरळ गाडी काढून मागं चाकांचे ओले पट्टे पाह्यले तरी कळतं, जिप्सीच्या पुढच्या-मागच्या चाकांचं आडवं अंतर जवळजवळ सारखं आहे, मागचे पट्टे पुढच्यांवरच पडायला पाहिजेत. आणखी खात्री करायची तर ओळंबा लावून चेसिसच्या ठरावीक भोकांच्या खुणा खडूनं जमिनीवर काढायच्या आणि कर्ण मोजायचे, जुने मिस्त्री हे करायचे, आता नव्या पोरांना कोणी दाखवतच नाही, आणि अपघात झालेल्या सेकंडहँड जिप्सीची वाकलेली चेसिस याशिवाय सापडत नाही.

सफारीच्या गाड्यांत मागं उंच सीटा, जास्त माणसं, म्हणून मागचे पाटे वाढवतात. समजू शकतो. पण त्याचा परिणाम पुढं होतो हे कोणी सांगत नाही. मागून गाडी उचलली की सगळी गाडी पुढं कलते आणि तेवढाच कॅस्टर कमी होतो. जिप्सीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २३७५ मिलीमीटर, मागून ४ सेंटीमीटर उचलली तर साधारण १ अंश कॅस्टर गेला, आणि कंपनीनंच मुळात मोजकाच दिलेला असतो. म्हणून भरलेली गाडी गेटपर्यंत बरी चालते आणि रिकामी परत येताना उमरेड रोडवर भटकते. ड्रायव्हर म्हणतो स्टेअरिंग हलकं झालं, त्याला ते बरं वाटतं, ते बरं नाही. अशा गाडीला टो सेट करून काहीही होणार नाही, पाटे तरी कमी करा किंवा पुढं योग्य अंशाच्या शिम टाकून कॅस्टर परत आणा, शिम लोखंडाची पक्की, लोण्यासारख्या मऊ ॲल्युमिनियमची नाही, आणि यू बोल्ट नवे.

जिमनी २०२३ मध्ये आली आणि लोकांनी लगेच दोन-दोन इंच लिफ्ट, म्हणजे उंच केल्या. लिफ्ट नियमात बसते की नाही हा वेगळा विषय, मी फक्त मशिनरीचं बोलतो. तिथं कॉइल स्प्रिंग आणि बाजूला पॅनहार्ड रॉड आहे, बॉडी वर गेली की तो रॉड तिरका होतो आणि ॲक्सल एका बाजूला सरकतो, ड्रॅग लिंकचा कोन बदलतो म्हणून स्टेअरिंग वाकडं होतं, कॅस्टरही कमी होतो. ॲडजस्ट होणारा पॅनहार्ड रॉड आणि कॅस्टर सुधारणारी बुशं न टाकता नुसत्या स्प्रिंगा बदलून समृद्धीवर १२० नं जाणं मला तरी पटत नाही. नव्या थारला, म्हणजे २०२० नंतरच्या, पुढं डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वेगळे वर-खाली दोन हात आहेत, तिथं स्पेसर टाकून उचललं की कॅम्बर आणि टो दोन्ही हलतात, म्हणून लिफ्टनंतर पूर्ण मोजमाप हवंच. आधीच्या बऱ्याच थारना पुढं टॉर्शन बार (पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) होता, त्याचे बोल्ट डावीकडं एवढे आणि उजवीकडं तेवढे कसले की गाडी एका बाजूनं उंच, आणि मग खेचणारच, आधी दोन्ही बाजूंची उंची टेपनं सारखी करा. रुंद टायर आणि बाहेर आलेल्या रिमांबद्दल एकच वाक्य, चाक वळण्याच्या रेषेपासून जेवढं बाहेर जाईल तेवढा प्रत्येक खड्डा स्टेअरिंगला धक्का देईल, आणि तो दोष अलाइनमेंटनं जात नाही.

हे सगळं झाल्यावर मग मशीन. तेव्हा मात्र मशीन पाहिजेच, मी मशीनच्या विरोधात नाही. जाताना हवा बरोबर करून जा, गाडीत नेहमी असतो तेवढाच भार ठेवा. मशीनवर तुमच्याच गाडीचं मॉडेल आणि वर्ष निवडलंय का बघा. आधीचा आणि नंतरचा दोन्ही रिपोर्ट कागदावर मागा. त्यावर नुसता टो नाही, दोन्ही बाजूंचे कॅम्बर, कॅस्टर आणि मागच्या ॲक्सलचा थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं गाडीच्या मधल्या रेषेपासून किती तिरकी ढकलतात, तो वाचा. सॉलिड ॲक्सलच्या गाडीत थ्रस्ट अँगल लाल असेल तर ते टाय रॉड फिरवून हिरवं होणार नाही, मागचा ॲक्सल जागेवर नाही, उतरवा गाडी आणि पाटे पाहा. ज्या गाड्यांत ईएसपी (गाडी घसरताना आपोआप सावरणारी यंत्रणा) आहे तिथं नंतर स्टेअरिंग अँगल सेन्सर कॅलिब्रेट करून घ्या.

माझी अलाइनमेंट सेंटरवाल्या सगळ्या भावांना विनंती आहे की गाडी रॅम्पवर घेण्याआधी सांधे हलवून पाहायची सवय करा आणि खेळ सापडला तर काम घेऊ नका, सांगा की आधी एंड बदलून या. गिऱ्हाईक एकदा नाराज होईल, नंतर तुमच्याकडंच येईल. वन विभागाला आणि सफारी गाड्यांच्या मालकांना विनंती की सिल्लारी, मोहर्ली, कऱ्हांडला अशा गेटांवर सीझन सुरू व्हायच्या आधी गाड्यांची पुढच्या ॲक्सलची आणि ब्रेकची तपासणी लावा, आरटीओचं फिटनेस आहे ते आहेच, पण पावसाळ्यानंतर गाडी तीन महिने उभी राहून आलेली असते. आणि आयटीआयच्या मास्तरांना विनंती की पोरांना ओळंबा, खडू आणि टेपनं चेसिस मोजायला शिकवा, ज्यांना पाहायचंय त्यांनी माझ्याकडं यावं, मी दाखवीन.

अशा तपासणीला दोन माणसं, एक जॅक, चार स्टँड, हवेचं गेज, टेप आणि टॉर्च एवढंच लागतं, एका गाडीला अर्धा-पाऊण तास. गेटजवळ कोणी कॅम्प ठेवला तर मी माझ्या मिस्त्र्यांना घेऊन यायला तयार आहे, पैसे नकोत, फक्त उभं राहायला सपाट जागा आणि सावली द्या.

आपला नियमित वाचक,
एक जुना मेकॅनिक
कामठी रोड, नागपूर